चेहरा पुसू नका, घडवा

चित्रं काढणाऱ्या मुलामुलींनो,

१९ फेब्रुवारी जवळ आली की छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातल्या फलकांवर आणि आपल्या मोबाइलवर शिवछत्रपतींची डिजिटल चित्रं दिसू लागतात. त्यामागची मेहनत खरी आणि निष्ठाही खरी. तरी बऱ्याच चित्रांतला चेहरा मेणाचा वाटतो. उजेड आणि सावली जिथे भेटतात ती जागा स्मज टूलने पुसलेली असते. पुसल्याने रंग मिसळतात खरे, पण गालाचं हाड आणि नाकाची ठेवण हरवते.

छटा मऊ करायच्या, तर मधल्या छटा भराव्या लागतात. आधी तीनच ठेवा: उजेड, मध्यम, सावली. मग ब्रशची ओपॅसिटी २०-३० टक्क्यांवर आणून दोन छटांच्या सीमेवरून हलका हात फिरवा. तिथे जो नवा रंग तयार होईल तो आयड्रॉपरने उचला आणि त्याच रंगाने पुन्हा सीमेवर काम करा. असं चार-पाच वेळा केलं की कड विरत जाते. फटकारे गालाच्या गोलाईबरोबर वळू द्या. सावलीसाठी नुसता काळा मिसळू नका, त्वचा राखेसारखी दिसते. उजेड संपतो त्या पट्ट्यात थोडा तांबूसपणा ठेवा. मधूनमधून झूम कमी करून पूर्ण चेहरा पाहा.

कुठे मऊ करायचं नाही, हेही कळायला हवं. त्यासाठी एकदा ऊन कलल्यावर क्रांती चौकात उभे राहा आणि २०२२ मध्ये लोकार्पण झालेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा नीट न्याहाळा. घोड्याच्या गोल मानेवर उजेड हळूहळू मावळतो. पण एका भागाची सावली दुसऱ्यावर पडते तिथे कड स्पष्ट असते. चेहऱ्याचंही तसंच. गाल आणि कपाळाची गोलाई मऊ. नाकाखालची आणि जिरेटोपाची कपाळावर पडलेली सावली मात्र ठसठशीत.

छटा चढवण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायांकनाला ‘वर्तना’ म्हटलं आहे आणि तिचे तीन प्रकार दिले आहेत: पत्रजा, ऐरिक आणि बिंदुजा. पत्रजा म्हणजे पानासारख्या रेघा, ऐरिक म्हणजे अगदी सूक्ष्म काम, बिंदुजा म्हणजे ठिपके. तिन्हींत छटा हळूहळू, थोडी थोडी चढवायची असते. आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीचा चेहरा आहे. दीड हजार वर्षांनंतरही त्याची गोलाई भिंतीवरून उठून दिसते. पुढच्या सुट्टीत जा आणि त्या चेहऱ्यासमोर निवांत थांबा.

महागडा टॅबलेट नाही म्हणून अडून राहू नका. संगणकावर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, मोबाइलवर बोटानेही सराव होतो. या शिवजयंतीला एक चेहरा स्मज टूलला हात न लावता काढा. चार दिवस जास्त लागले तरी चालतील. महाराजांचा चेहरा काढायचा, तर तेवढा वेळ आपण द्यायलाच हवा.