ओस वाडी गावाने कसावी
वसईच्या वाड्या केळी, नागवेल व फुलांसाठी ओळखल्या जातात. त्या राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ झाली. आज मात्र काही वाड्या घरातूनच ओस पडत आहेत. सातबाऱ्यावर वारसांची नावे वाढली, कसणारे हात घटले, बावखले गाळाने भरली. दुसऱ्यास कसावयास द्यावी, तर १९४८ च्या कूळकायद्याची धास्ती.

अशी वाडी विकण्यापूर्वी एक मार्ग तपासावा, असे आम्ही सुचवितो. मालकी कुटुंबाकडेच राहावी. सर्व वारसांच्या संमतीने व वकिलाच्या सल्ल्याने लेखी करार व्हावा आणि गावाने ती मिळून कसावी. प्रारंभ बावखलातील गाळ उपसण्यापासून करावा. पाणी मुरले तरच विहिरी गोड्या राहतील. श्रमाचा व उत्पन्नाचा वाटा आधीच ठरवावा. अन्यथा वाडी सावरेल, पण भाऊबंदकी पेटेल.