बाळाची दोन वयं

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बालरोग विभागाबाहेर बसलं, की एक वाक्य कानावर येतंच: ‘जावेचं पोर याच्याच वयाचं. ते बसायला लागलं, हे अजून डुगडुगतंय.’ सून मान खाली घालून ऐकते. दादीचा जीव तुटत असतो, पण हिशेब चुकलेला असतो.

पूर्ण दिवस म्हणजे साधारण ४० आठवडे. ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूला घड्या पडतात, नसांचे जोड वाढतात. हे काम या बाळाला बाहेरच्या उजेडात, गोंगाटात पूर्ण करावं लागतं. म्हणून ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी दोन महिने वजा करा. त्याची तुलना चार महिन्यांच्या बाळाशी. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब ठेवायचा.

मात्र वजाबाकी करूनही चार महिन्यांनंतर मान धरत नसेल, मुठी सतत घट्ट असतील, पाय ताठ राहत असतील किंवा एकच हात चालत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. कोवळा मेंदू लवकर शिकतो. व्यायामही लवकरच हवा.

आणि अशा नाजूक बाळाला उघड्या छातीशी धरणं जन्मल्याबरोबर सुरू करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं. आई थकली, तर अब्बूंची छाती आहे, दादीचीही आहे. सुनेला बोल लावण्यापेक्षा बाळाला ऊब द्यावी, एवढंच आमचं सांगणं.