नेटवर्क प्रिंटरच्या वारंवारच्या अडचणींवर कायमस्वरूपी उपाययोजना करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, धाराशिव.

विषय : येरमाळा (ता. कळंब) परिसरातील शासकीय कार्यालयांत नेटवर्क प्रिंटरची जोडणी, नोंद व देखभाल यांची निश्चित कार्यपद्धती लागू करण्याबाबत.

संदर्भ : महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015.

महोदय,

उपरोक्त विषयी आम्ही येरमाळा व परिसरातील नागरिक विनंतीपूर्वक निवेदन सादर करतो की, दाखला संगणकावर तयार असूनही केवळ प्रिंट निघत नाही म्हणून अर्जदाराला परत जावे लागू नये. संदर्भीय अधिनियमाने पात्र व्यक्तीला विहित मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. पुरेशा कारणाशिवाय सेवा न दिल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्तीची तरतूद त्यात आहे. त्यामुळे प्रिंटर चालू राहणे जितके अर्जदाराच्या हिताचे, तितकेच कर्मचाऱ्यांच्याही हिताचे आहे. हे निवेदन कोणत्याही एका कार्यालयाविरुद्ध वा कर्मचाऱ्याविरुद्ध नाही.

‘प्रिंटर खराब झाला’ असे म्हटले जाते तेव्हा अनेकदा यंत्र धडधाकट असते, बिघाड जोडणीत असतो. लाईट जाऊन आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि प्रिंटरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो. प्रिंटर काल 192.168.1.5 वर होता, आज तो 192.168.1.7 वर गेला, पण संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर काम पाठवत राहतो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ दिसते. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, म्हणून आधी केबल किंवा वायफाय तपासावे लागते. कधी एखादी फाईल छपाईची कामे रांगेत ठेवणाऱ्या स्पूलरमध्ये अडकते व तिच्यामागची सगळी कामे खोळंबतात. जिथे प्रिंटर एकाच संगणकाला जोडून इतरांना शेअर केलेला असतो, तिथे तो संगणक बंद असला की बाकीच्या टेबलांवरचेही काम थांबते. ही सगळी कारणे ओळखता येतात. मात्र प्रिंटरचा पत्ता, पोर्ट आणि ड्रायव्हर यांची लेखी नोंद नसेल, तर प्रत्येक वेळी शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

यावर नवीन प्रिंटर घेणे हा सोपा उपाय वाटेल. परंतु पत्ता बदलत राहिला तर नवे यंत्रही तसेच अडेल आणि खर्च वाया जाईल. देखभालीचा करार असताना कर्मचाऱ्यांनी यात का पडावे, असाही प्रश्न येईल. यंत्र उघडण्याचे काम तंत्रज्ञाचेच आहे, मात्र पत्ता जुळतो का हे पाहण्यासाठी तंत्रज्ञ येईपर्यंत रांग थांबवणे योग्य नाही. कर्मचाऱ्यांना संगणकात बदल करू दिल्यास धोका वाढेल, हा सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. 2021 मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर बसवण्यावर निर्बंध आणले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक ठिकाणी शेअर केलेले प्रिंटर जोडले जाईनासे झाले. अशा वेळी अपडेट काढून टाकणे किंवा फायरवॉल बंद ठेवणे म्हणजे नागरिकांची माहिती उघड्यावर ठेवणे होय. म्हणूनच सर्वांना संगणकाचे पूर्ण अधिकार देऊ नयेत. तंत्रज्ञाने योग्य ड्रायव्हर आधीच बसवून द्यावेत व पुढची प्राथमिक तपासणी नेमून दिलेल्या व्यक्तीनेच करावी.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, मग कागद हवा कशाला, असेही कोणी म्हणेल. डिजिटल सेवेचे आम्ही स्वागतच करतो. तरीही पीककर्ज, शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती अशा कामांत कागदी प्रत अजून मागितली जाते, आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला कार्यालयाच्या खिडकीशिवाय पर्याय नाही.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. प्रत्येक नेटवर्क प्रिंटरला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता राखून ठेवावा व सर्व संगणकांवर त्याच पत्त्याचे पोर्ट जोडावे.
2. पत्ता, मॉडेल, ड्रायव्हर व तंत्रज्ञाचा संपर्क यांची नोंदवही ठेवावी. झालेला बिघाड व केलेली दुरुस्ती तीत लिहावी.
3. प्रत्येक कार्यालयात एक जबाबदार व एक पर्यायी कर्मचारी नेमून त्यांना प्राथमिक तपासणीचे प्रशिक्षण द्यावे.
4. राउटर व नेटवर्क स्विचला यूपीएस द्यावा.
5. देखभाल करारात प्रतिसादाची मुदत लिहावी, आणि प्रिंटर बंद असताना दुसऱ्या प्रिंटरवरून दाखला देण्याची सोय ठेवावी.

जून महिन्यात शाळाप्रवेश आणि खरीप पीककर्जाची कामे एकदमच येतात. त्यापूर्वी वरील कार्यवाही पूर्ण करण्याचे आदेश संबंधितांना द्यावेत व केलेल्या कार्यवाहीची माहिती आम्हाला लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
येरमाळा व परिसरातील नागरिक

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
1. मा. तहसीलदार, कळंब
2. मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, कळंब