कुंपणाबाहेरचा वाचक

गोव्याच्या इतिहासावर, समाजावर आणि भाषेवर गंभीर लेखन आज कुठे छापले जाते, असे कोणी विचारले तर उत्तर जरा अडचणीचे आहे. थोडे पणजीत, थोडे पुण्या-मुंबईत आणि बरेचसे परदेशी प्रकाशकांच्या इंग्रजी नियतकालिकांत. १५२६ सालचा अफोंसो मेशियाचा फोराल घ्या, आपली गावकरी संस्था घ्या, की फादर स्टीफन्सचे १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण घ्या. विषय आमच्या घरचे, पण त्यांवरचे नवे संशोधन वाचायचे तर महाजालावर शोधावे लागते. लेखाचे नाव सापडते, दहा ओळींचा सारांश वाचायला मिळतो आणि त्याखाली कुलूप! एका लेखाचे तीस-चाळीस डॉलर, म्हणजे आमच्यासारख्याच्या घरचा महिन्याचा भाजीचा खर्च. बरे, लेख आपल्या कामाचा आहे की नाही हे वाचल्याशिवाय कळत नाही, आणि पैसे मात्र आधी मोजायचे.

नियतकालिक परदेशीच असायला हवे असेही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे 'ॲनल्स' किंवा भारतीय इतिहास परिषदेची इतिवृत्ते ही आपल्याच मातीतली. त्यांचे जुने अंक आता जेस्टोर या अमेरिकी संग्रहात आहेत. जेस्टोरने ते नीट जपले, शोधण्याजोगे केले, याबद्दल आभारच मानायला हवेत. पण पुण्यात छापलेला लेख फोंड्यात वाचायला अमेरिकेच्या दारावर थाप मारावी लागते, हेही खरेच.

तुम्ही म्हणाल, विद्यापीठे हे सगळे विकत घेतात ना? घेतात. आपल्या देशात हे काम मुख्यतः गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमार्फत चालते. २००३ च्या डिसेंबरात राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते विद्यापीठांसाठीची सामायिक योजना सुरू झाली. २०१० साली महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट आली. २०१५ साली वेगवेगळ्या योजना एकत्र करून ई-शोधसिंधू झाली. म्हणजे पैसा सरकारचा, अर्थात तुमचा-आमचा. प्रश्न आहे तो विकत घेतलेली वस्तू वाचकाच्या हाती कुठे बसून पडते हा.

ही कुलपाची भानगड मुळात कशी चालते, ते थोडे सांगतो. तांत्रिक वाटेल, पण कचेरीत काम केलेल्या माणसाला चटकन कळेल असे आहे. महाजालावरच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. विद्यापीठ आपल्या आवारातले क्रमांक प्रकाशकाला कळवून ठेवते. त्या क्रमांकावरून मागणी आली की दार उघडते. मागणारा प्राध्यापक आहे की कँटीनमधला मुलगा, हे प्रकाशकाचा संगणक बघत नाही. तो फक्त पत्र कुठल्या कचेरीतून आले तेवढे बघतो. तोच प्राध्यापक संध्याकाळी म्हापशाला आपल्या घरी पोचला की त्याच्या घरच्या जोडणीचा क्रमांक वेगळा, आणि मग तोही परका.

यावर उपाय निघाला तो अगदी आपल्या सरकारी पद्धतीचा आहे. आम्ही कारकून लोक खात्याबाहेर अर्ज करायचा झाला तर 'थ्रू प्रॉपर चॅनल' करतो. अर्ज माझा, पण तो साहेबांच्या टेबलावरून, कचेरीच्या जावक क्रमांकाने जातो. प्रॉक्सी म्हणजे नेमके हेच. घरी बसलेला विद्यार्थी आधी ग्रंथालयाच्या संगणकाला आपले नाव आणि परवलीचा शब्द देतो, मग तो संगणक त्याच्या वतीने प्रकाशकाकडे मागणी करतो आणि आलेले उत्तर त्याच्याकडे पाठवतो. प्रकाशकाला पत्ता दिसतो तो ग्रंथालयाचा. यासाठी जगभर वापरली जाणारी ईझीप्रॉक्सी ही आज्ञावली १९९९ साली ख्रिस झॅगर नावाच्या एका अमेरिकी ग्रंथपालाने लिहिली. ग्रंथपालाने लिहिली, हे मला फार आवडते. २००८ साली ती ओसीएलसी या संस्थेने विकत घेतली. दुसरा मार्ग व्हीपीएनचा. तिसरा शिबोलेथचा, ज्यात विद्यापीठ प्रकाशकाला फक्त 'हा माणूस आमचा' एवढी हमी देते. इन्फ्लिबनेटने याच धर्तीवर इन्फेड नावाची व्यवस्था विद्यापीठांसाठी उभी केलेली आहे.

म्हणजे घरून वाचता यावे यासाठी लागणारे तंत्र पाव शतक जुने आहे. अडते ते दुसरीकडेच. परवलीचा शब्द कोणाला द्यायचा, कधी द्यायचा, सुट्टीत बंद पडला तर कोणाला फोन करायचा, इथे सगळे अडते. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीने आवारे बंद झाली तेव्हा कित्येक ठिकाणी एकदम धावपळ उडाली. लाखो रुपयांची नियतकालिके आत, आणि वाचणारे सगळे बाहेर. काणकोण किंवा पेडण्याच्या मुलाला हा अनुभव नवा नव्हता. ताळगावच्या पठारापासून काणकोण सत्तर किलोमीटरवर आहे. बस चुकली की दिवस गेला. त्याला कुंपणाबाहेर राहण्याची सवय महासाथीच्या आधीपासूनची.

विद्यार्थ्यांचे तरी काहीतरी होईल, निदान त्यांचे नाव कुठल्यातरी यादीत असते. मला जास्त काळजी वाटते ती ज्यांचे नाव कुठल्याच यादीत नाही त्यांची. निवृत्त शिक्षक, गावच्या देवस्थानचा इतिहास लिहू पाहणारा पोस्टमन, धालो-फुगड्यांची गीते जमवणारी गृहिणी, आणि दिवसभर फाइली हलवून रात्री वाचणारे आम्ही. कला शाखेची पदवी घेऊन मी विद्यापीठाच्या बाहेर पडलो तो कायमचाच. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन विचारले की, माजी विद्यार्थ्याला हे डेटाबेस वाचता येतील का? काउंटरवरच्या बाईंनी सौजन्याने सांगितले, "पुस्तकं बसून वाचा, पण संगणकाचा लॉगिन फक्त चालू विद्यार्थ्यांना." घरून? त्यावर त्या नुसत्या हसल्या. त्यांचा दोष नाही. त्यांच्यापुढे जे परिपत्रक असेल त्याबाहेर त्या जाणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही गेलो नसतो.

मराठीत इतिहाससंशोधन विद्यापीठांच्या पगारावर फार उशिरा आले. राजवाडे कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. रियासतकार सरदेसाई बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. आमचे पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज दफ्तरखान्यात आयुष्य घालवून पोर्तुगीज-मराठे संबंधांवर अधिकाराने लिहिते झाले. दामोदर कोसंबी पेशाने गणिती, आणि गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या ग्रामसंस्थेवर त्यांचा निबंध आहे. आज त्यांच्यासारखा कोणी वाळपईत किंवा बेळगावात जन्मला तर त्याने आपल्या विषयातला ताजा लेख वाचायचा कुठून?

बडोद्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. त्यात फिरती वाचनालये होती. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या खेड्यांत पाठवायच्या, वाचून झाल्या की परत मागवायच्या. ज्या गावात शाळामास्तर हाच एकटा वाचणारा, तिथेही पेटी जाई. आमच्याकडेही १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदू समाजाला जरा श्वास घेता आला आणि गावोगाव वाचनालये निघाली, मराठी वर्तमानपत्रे आणि पुस्तके मागवली जाऊ लागली. त्या काळी पुस्तकाला वजन होते, पेटीला हमाली पडत होती. आता लेखाला वजन नाही, पाठवायला टपालखर्च नाही, एकाने वाचला म्हणून दुसऱ्याचा खोळंबा नाही. आणि तोच आवाराबाहेर जाऊ शकत नाही.

यावर विद्यापीठवाले आणि प्रकाशक एक उत्तर नेहमी देतात: करार. ते खोटे नाही. वर्गणी किती घ्यायची हे वाचकसंख्येवर ठरते, आणि सगळ्या गोव्याला घरबसल्या वाचायला दिले तर प्रकाशक किंमत वाढवील. पण अशा बहुतेक करारांत 'वॉक-इन युझर' म्हणून एक वर्ग असतो. ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या बाहेरच्या माणसाला तिथल्या संगणकावर वाचू द्यायला प्रकाशकाची ना नसते. हे कलम असूनही वापरायचे नाही, याला करार जबाबदार नाही. बाहेरचा माणूस म्हणजे कटकट, ही आपली जुनी कचेरीची वृत्ती जबाबदार आहे. (ती वृत्ती मी रोज दहा ते पाच जवळून बघतो, म्हणून अधिकाराने बोलतो.)

आणि घरून वाचू देणे अशक्य आहे म्हणावे, तर स्कॉटलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय तिथल्या रहिवाशांना कित्येक डेटाबेस घरून वाचू देते. ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय ग्रंथालयही देशातल्या कोणालाही कार्ड देऊन असेच करते. त्यासाठी विद्यापीठात नाव लागत नाही, पत्ता लागतो.

जिथे सरळ दार बंद असते तिथे लोक मागच्या दाराने जातातच. कोणी भाच्याचा पासवर्ड वापरतो, कोणी साय-हबवर जातो. २०११ साली अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने सुरू केलेल्या या संकेतस्थळाविरुद्ध २०२० च्या डिसेंबरात तीन मोठे प्रकाशक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मला उसना पासवर्ड पटत नाही, आणि त्याचे कारण नीतीपेक्षा व्यवहाराचे आहे. एका खात्यावरून भसाभस लेख उतरवले गेले तर प्रकाशक त्या विद्यापीठाचेच दार काही काळ बंद करतो, आणि परीक्षेच्या तोंडावर शंभर मुलांचे नुकसान होते. पण एरवी सरळमार्गी असलेली माणसे असे का करतात, हे न विचारता नुसते त्यांना चोर म्हणणे मला जमणार नाही. एरन स्वॉर्ट्झ या तरुणाने एमआयटीच्या जाळ्यातून जेस्टोरचे लाखो लेख उतरवले. २०११ साली त्याला अटक झाली, आणि खटला उभा राहण्याआधीच, २०१३ च्या जानेवारीत, सव्विसाव्या वर्षी त्याने जीव दिला. जेस्टोरने स्वतः त्याच्याशी तडजोड केली होती, पण अमेरिकी सरकारने खटला सोडला नाही. पुढे जेस्टोरही पुष्कळ मोकळे झाले. २०११ च्या सप्टेंबरात त्यांनी सर्वांत जुने, हक्क संपलेले लेख सगळ्यांना खुले केले. नंतर कुठल्याही संस्थेत नसलेल्या वाचकाला स्वतःचे खाते काढून ठराविक लेख पडद्यावर फुकट वाचायची सोय दिली, आणि २०२० साली ती मर्यादा महिन्याला १०० लेखांपर्यंत नेली. हे माहीत नसलेले कित्येक वाचक मला भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिले. तसेच शोधगंगावर देशभरातले प्रबंध कोणालाही वाचता येतात. त्यात मराठीतलेही पुष्कळ आहेत. दर्जाबद्दल मी इथे बोलत नाही, असो.

आता ताजी गोष्ट. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, सहा हजारांहून अधिक सरकारी संस्था, आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. खेड्यातल्या सरकारी महाविद्यालयाला आयआयटीच्या पंगतीत बसवणारी गोष्ट वाईट कशी म्हणायची? पण यादी वाचली की दिसते, संस्था आहेत, नागरिक नाहीत. योजनेच्या मूळ आखणीत तिसरा टप्पा होता तो सार्वजनिक ग्रंथालयांतून सामान्य माणसाला वाचू देण्याचा. म्हणजे ज्याच्या करातून ६,००० कोटी जायचे, त्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. रेशनच्या रांगेत आम्हाला हे सवयीचे आहे, पण निदान तिथे रांगेत उभे राहायला जागा असते.

गोव्यापुरते बोलायचे तर तिसऱ्या टप्प्याची वाट बघण्याचे कारण नाही. १८३२ साली सुरू झालेले आमचे मध्यवर्ती ग्रंथालय आज पाटोवर मोठ्या इमारतीत आहे आणि नाव लावते ते मराठीत कृष्णचरित्र लिहिणाऱ्या कृष्णदास शामाचे. विद्यापीठ राज्याचे, ग्रंथालय राज्याचे, दोघांना पैसे देणारा वित्त विभागही एकच. पाटोवरच्या चार संगणकांचे क्रमांक करारात घालून घ्या एवढीच पहिली मागणी आहे. राज्य लहान असण्याचा कधी नव्हे तो फायदा घ्यायचा. तालुक्यांची ग्रंथालये त्यानंतर. माजी विद्यार्थ्यांना वार्षिक शुल्क घेऊन घरून वाचू देणे त्याच्याही नंतर. शुल्क द्यायला माझ्यासारखे लोक तयार आहेत, फुकट कोणी मागत नाही.

तोपर्यंत ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी एक करावे. आपापल्या विद्यापीठाला माहितीच्या अधिकाराखाली दोन प्रश्न विचारावेत: प्रकाशकांशी झालेल्या करारांत 'वॉक-इन युझर'चे कलम आहे काय, आणि असल्यास गेल्या तीन वर्षांत बाहेरच्या किती वाचकांना त्याचा लाभ दिला. कायद्याने उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्ज मराठीत केला तरी चालतो.