मूळ दगड देंदेराला द्या, नक्कल पॅरिसला ठेवा

माननीय अध्यक्ष,
लूव्ह्र संग्रहालय, पॅरिस



आपल्या संग्रहालयापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर ‘प्लास द्यु केर’ म्हणजे कैरो चौक आहे. तिथल्या दोन क्रमांकाच्या इमारतीवरून मनात आलेली एक मागणी आपल्यापुढे ठेवतो.

ही इमारत 1828 सालची. खाली ‘पासाज द्यु केर’ या छपराच्या बाजारगल्लीचे प्रवेशद्वार, वर बिऱ्हाडे. दर्शनी भिंतीवर हाथोर या इजिप्शियन देवीचे तीन भव्य चेहरे आहेत, रुंद आणि शांत, गाईच्या कानांचे. वरच्या पट्टीतल्या इजिप्शियन आकृत्यांत कोरणाऱ्यांनी बूजिनिए या लांब नाकाच्या चित्रकाराचे व्यंगचित्रही बसवले आहे. काम किती हौसेने झाले असेल, हे त्या नाकावरून कळते! नेपोलियनची 1798 ची इजिप्तवरची स्वारी फसली, पण तिने लावलेले वेड पॅरिसमध्ये राहिले. आसपासचे रस्ते आजही नील, अबूकीर आणि अलेक्झांड्रिया ही नावे सांगतात.

हाथोरचे असेच चेहरे इजिप्तमधल्या देंदेराच्या मंदिरात खांबाखांबांवर आहेत. पॅरिसच्या कारागिरांनी कैरो चौकातले चेहरे तिथल्याच दगडात घडवले. त्यासाठी देंदेराचा एक कपचाही हलला नाही.

त्याआधी सातच वर्षे, 1821 मध्ये, त्याच मंदिरात काय झाले ते आपण जाणता. सोल्निए या फ्रेंच संग्राहकाने पाठवलेल्या लेलोरँ यांनी करवती, छिन्न्या आणि सुरुंगाची दारू वापरून एका दालनाच्या छतातले राशिचक्र कापून काढले. अठराव्या लुईने ते दीड लाख फ्रँकना विकत घेतले. आज ते आपल्याकडे आहे आणि देंदेराच्या छतावर त्याची नक्कल आहे.

मेंढा, बैल, सिंह, तराजू, विंचू: त्या दगडावरच्या राशी घरात पंचांग असलेल्या कुणाही मराठी माणसाला ओळखता येतात. म्हणूनच त्या दगडाशी मला जवळीक वाटते.

लेलोरँकडे मुहम्मद अलीची परवानगी होती, हे खरे. पण ती उस्मानी सुभेदाराची परवानगी होती. ज्यांच्या पूर्वजांनी मंदिर बांधले, त्यांना कुणी विचारले नव्हते. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी हे राशिचक्र परत मागितले आहे. ती मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

सार्वजनिक संग्रहातली वस्तू देता येत नाही, हा आपला कायदा. तरी 2020 मध्ये फ्रान्सने खास कायदा केला आणि पुढच्या वर्षी अबोमीच्या राजवाड्यातल्या 26 वस्तू बेनिनला परत गेल्या. म्हणजे इच्छा असेल तर वाट निघते.

तेव्हा राशिचक्रासाठी असा कायदा करण्याची शिफारस आपण संसदेकडे करावी. आपल्या दालनात उत्तम नक्कल बसवा. लोक तीही मान वर करून पाहतील. कैरो चौकातल्या हाथोरच्या नकलेकडे ते जवळपास दोनशे वर्षे पाहतच आहेत. मूळ दगड मात्र देंदेराच्या छतात परत जाऊ द्या, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक मराठी वाचक