तीच चाल, दुसरे हात

या वेळचं सदर वाचायच्या आधी हेडफोन शोधून ठेवा. सापडत नसतील तर घरातल्या कॉलेजवाल्या पोराकडून मागून घ्या आणि त्यालाही शेजारी बसवा. आजचं काम दोघांनी मिळून करायचं आहे. एकच रचना वेगवेगळ्या लोकांनी कशी वाजवली ते ऐकायचं आणि मग मनसोक्त भांडायचं. अट एकच. "मला हे आवडलं" एवढ्यावर सुटका नाही. कुठल्या जागी आवडलं, तिथे बोट ठेवून दाखवायचं.

हे लिहायला बसले आहे ओरत्तनाडूत. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की वीस-बावीस किलोमीटरवर हे गाव लागतं. चहूकडे भाताची खाचरं. इथे बसून पियानोबद्दल लिहायचं म्हणजे हिला उन्हाचा त्रास झाला की काय, असं तुम्हाला वाटेल. पण या गावाचं दुसरं नाव मुक्तांबाळपुरम. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावानं इथे छत्र बांधलं, १८०२च्या सुमारास. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना जेवण, आणि त्याला जोडून शाळा. आता गंमत पाहा. त्याच १८०२ साली तिकडे व्हिएन्नात बेथोवनचा एक सोनाटा छापून बाहेर पडला. आज घरोघरी कीबोर्ड शिकणारी मुलं ज्याची पहिली पानं बडवतात, तोच, 'मूनलाइट'. हे नाव बेथोवननं दिलेलं नाही बरं; त्याच्या मृत्यूनंतर एका समीक्षकाला त्यात तळ्यावरचं चांदणं दिसलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आपण त्याच्यापासूनच सुरुवात करू. पहिला भाग लावा, विल्हेल्म केम्फनं वाजवलेला. तीन थर ऐकू येतील. तळाशी डाव्या हाताचे लांब, जड सूर. मध्ये तीन-तीन सुरांची न थांबणारी झुळझुळ. आणि सगळ्यात वर, बऱ्याच उशिरानं येणारी, एकाच सुरावर पुन्हा पुन्हा ठोका देणारी चाल. लांबच्या देवळातली घंटा म्हणा हवं तर. केम्फ या तिन्ही थरांना आपापल्या जागी ठेवतो. ओढाताण नाही, उसासे नाहीत.

आता सॉलोमन नावाच्या इंग्रज पियानोवादकाचं रेकॉर्डिंग लावा. सूर तेच, एकही कमी-जास्त नाही. पण हा इतका संथ चालतो, की मधली झुळझुळ थांबून प्रत्येक थेंब वेगळा पडताना दिसतो. मग लावा ग्लेन गूल्ड. हा कॅनेडियन गृहस्थ तोच भाग असा लगबगीनं उरकतो, की एखाद्याला गाडी पकडायची आहे! माझं मत विचाराल तर सॉलोमन ऐकताना छातीवर हात ठेवल्यासारखं होतं, आणि गूल्ड या ठिकाणी मला मुळीच पटत नाही. तुम्हाला पटला तर खुशाल भांडा.

पण खरी भानगड कागदावरच आहे. बेथोवननं या भागाच्या डोक्यावर लिहून ठेवलंय, की हा सगळा भाग अतिशय नाजूकपणे आणि दाब न लावता वाजवावा. पियानोत बहुतेक तारांवर नमद्याची एक छोटी गादी असते. बोट पट्टीवरून उचललं की ती तारेवर बसते आणि सूर बंद होतो. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या उचललेल्या राहतात आणि सूर एकमेकांत मिसळत घुमत राहतात. म्हणजे बेथोवनला गाद्या वरच हव्या होत्या. त्याच्या काळचा पियानो अंगानं हलका. त्याचा सूर लवकर विरायचा, म्हणून ती मिसळण सुंदर लागत असावी. आजच्या भल्यामोठ्या पियानोवर तसंच केलं तर सगळा चिखल व्हायची भीती. म्हणून बहुतेक वादक सूर बदलला की हळूच पेडल सोडतात आणि पुन्हा दाबतात. आंद्राश शिफ मात्र हट्टानं बेथोवनचं ऐकतो. पेडल खालीच ठेवतो, आणि घुमणं सांभाळण्यासाठी वजन कमी करतो, चालही पुढे ढकलतो. ऐकून पाहा, सुरांवर सूर धुक्यासारखे साचतात.

तर यातला खरा 'मूनलाइट' कोणता? कागदाला प्रमाण मानणारा, की कानाला? हा प्रश्न मी ओरत्तनाडूत बसून विचारतेय त्याला कारण आहे. या भागात मराठी माणसं गेली साडेतीनशे वर्षं राहतायत. त्यांच्या घरातली मराठी पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याच्या कानाला वेगळी लागते. शब्द जुने, हेल तमिळ. पाहुणा गोड हसतो आणि म्हणतो, "तुमची मराठी जरा चुकीचीच होते, नाही?" समोरची आजी काही बोलत नाही, कॉफी पुढे करते. मला त्या 'चुकीची' या शब्दाचा राग येतो. आपण जी मांडणी पहिल्यांदा ऐकली, तिलाच मूळ समजायची आपली खोड जुनी आहे. ती भाषेत जशी चालते तशी संगीतातही.

मूळ कोणतं, हा प्रश्न तर तंजावरच्या परिसरात फारच जुना. तिरुवैयारू इथून फार लांब नाही. त्यागराज तिथे राहिले, १८४७ साली तिथेच गेले. त्यांच्या कृती पसरल्या त्या शिष्यांच्या गळ्यांतून. त्यातल्या तीन परंपरा प्रसिद्ध आहेत: उमयाळपुरम, तिल्लैस्थानम आणि वालाजापेट. एकच कृती या तीन घरांत तीन वळणांनी आली. एका ओळीवर कुणाकडे चार संगती, कुणाकडे सात. शेवटचं वळण इकडे खाली उतरतं, तिकडे वरच राहतं. (संगती म्हणजे त्याच ओळीची सजवत नेलेली पुढची पुढची आवृत्ती.) कुणी कुणाला खोटं ठरवत नाही, पण आपापलं 'पाठांतर' मात्र जिवापाड जपतात. बेथोवनचा शिष्य गेला तरी कागद राहतो. इथे शिष्य हाच कागद.

आणि दर वर्षी आराधनेला तिरुवैयारूत शेकडो गायक-वादक कावेरीकाठी बसून पंचरत्न कृती एकसुरात गातात, तेव्हा ही सगळी वळणं बाजूला ठेवावी लागतात. सगळ्यांना जमेल असा एक पाठ. तो अनुभव मोठाच. पण त्या पाच कृतींपैकी एखादी घरी येऊन एकट्या एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या आवाजात ऐका, म्हणजे मेळ्यात काय बाजूला ठेवलं होतं ते कळतं.

आपल्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर त्यागराजांची खरहरप्रिया रागातली एक कृती ध्वनिमुद्रिकेवर गायली आहे: 'राम नी समानमेवरु'. जरूर शोधा. कर्नाटक गायक ज्या सुराला आंदोलन देऊन हलवेल, तिथे किराण्याचा हा गळा सूर सरळ लांबवतो, टोकदार, कळवळलेला. शब्द तेलुगू, राग दक्षिणेचा, आणि आवाज थेट मिरजेचा. लगेच पाठोपाठ तीच कृती एखाद्या कर्नाटक गायकाकडून ऐका. हा फरक सांगायला मला दहा ओळी लागतील. तुमच्या कानाला दहा सेकंद पुरतील.

परत पियानोकडे येऊ. 'मूनलाइट'मध्ये नापसंत केलेल्या गूल्डची बाजू मला घ्यायची आहे. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' त्यानं १९५५ साली न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत वाजवल्या, वय २२. सगळं मिळून साडेअडतीस मिनिटं. त्या रेकॉर्डनं तो जगभर गाजला. १९८१ साली त्याच स्टुडिओत तो पुन्हा बसला, तीच रचना घेऊन. या वेळी एक्कावन्न मिनिटं. यातला काही फरक काही भाग दोनदा वाजवल्यामुळे पडला, हे खरं. पण सुरुवातीची चाल दोन्ही वेळा एकदाच वाजवली आहे, तरी तरुणपणी ती दोन मिनिटांच्या आत संपते आणि पन्नाशीच्या उंबऱ्यावर तीन मिनिटांहून जास्त चालते. पुढच्याच वर्षी तो वारला. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये मागे त्याचं गुणगुणणं ऐकू येतं. लहान मुलांना ते शोधायला सांगा, त्यांना फार मजा वाटते. दोन वेगळ्या माणसांतला फरक आपण समजू शकतो. पण इथे माणूसही तोच आहे. मग पंचविशीत म्हटलेली आरती साठीत त्याच लयीत म्हटली जाईल, असं आपण आपल्या आईबद्दल तरी का धरून चालतो?

आता शेवटचं ऐकणं, आणि यासाठीच मी तुम्हाला या गावापर्यंत आणलं.

सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले आणि १७९९च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. उरलं ते किल्ल्याच्या आतलं. त्यांना मिशनरी श्वार्ट्झनं शिकवलं होतं. युरोपीय वाद्यांचा बँड त्यांनी पदरी ठेवला आणि पाश्चात्त्य नोटेशनचे कागद जमवले. त्याच काळात इंग्रजांच्या बँडवर त्यांच्या राजाची चाल वाजत असे, 'गॉड सेव्ह द किंग'. ती चाल मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या कानावर पडली. तरुणपणी ते मद्रासजवळ राहत, तिथे किल्ल्यातला बँड त्यांनी ऐकला होता. पुढे तंजावरात येऊन त्यांनी दरबारच्या चार नृत्यगुरू भावांना शिकवलं. अशा विलायती चालींवर त्यांनी संस्कृत शब्द रचले. त्यांना 'नोट्टुस्वर' म्हणतात, 'नोट' या इंग्रजी शब्दावरूनच. सगळी शंकराभरण रागात, म्हणजे आपल्या बिलावलच्या स्वरांत. आणि राजाच्या त्या चालीवर त्यांनी बसवलं 'संततं पाहिमाम्'. त्यात राजा कुठेच नाही. आहे ती श्यामला देवी, संगीताची.

जरा थांबून विचार करा. ज्या मुलखाचं राज्य नुकतंच हातातून गेलं, तिथल्या एका वीणावादकानं जिंकणाऱ्यांची सलामीची चाल उचलली, एक सूर न मोडता, गमक न लावता, आणि तिच्यातून राजाला बाहेर काढलं. निषेध म्हणून केलं की केवळ चाल गोड लागली म्हणून? मला वाटतं, गोड लागली म्हणूनच. आणि म्हणूनच ते जास्त टिकलं. आजही कर्नाटक संगीत शिकणाऱ्या लहान मुलांना नोट्टुस्वरं शिकवतात.

इकडे १८०३ साली सरफोजीराजे बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेत होते. त्याच साली बेथोवननं हीच इंग्रजी चाल घेऊन पियानोसाठी सात भागांची रचना केली. तीही फोनवर मिळते; आल्फ्रेड ब्रेंडेलनं वाजवलेली, रुडोल्फ बुखबिंडरनं वाजवलेलीही. क्रम असा ठेवा: आधी मूळ चाल बँडवर, मग 'संततं पाहिमाम्' मुलांच्या आवाजात, मग बेथोवन. पाचव्या भागात चाल एकदम उदास होते, तिथे हार्मोनियम येणाऱ्या आजोबांना विचारा काय बदललं. ते ऐकता ऐकताच गंधार कोमल झाला म्हणून सांगतील. सहाव्या भागात मात्र त्यांना गप्प बसवा आणि घरातल्या सगळ्यात लहान मेंबरला टाळ्या वाजवायला लावा. इतका वेळ तीन-तीन मोजलेली चाल तिथे चार-चारच्या पावलांवर कवायत करायला लागते. पोर कुठल्या टाळीला अडखळतं ते बघा, आणि मला कळवा.