बंब, बटण आणि ऊन

दिवाळीचे अभ्यंगस्नान जवळ आले, की घरोघरी एक प्रश्न निघतो : पाणी कशावर तापवायचे? आपल्याकडे थंडीसाठी अख्खे घर तापवावे लागत नाही. न्हाणीघरात कढत पाणी मिळाले, की आपली थंडी पळाली. पण तेवढ्यासाठी देखील बाजारात आज इतकी यंत्रे आहेत, की गृहस्थाने गोंधळून जावे.

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या सुप्याला माझ्या एका स्नेह्यांनी नवे घर बांधले. घरात माणसे पाच. त्यांनी हा प्रश्न माझ्यापुढे टाकला. मी मराठीचा मास्तर. पण हा हिशेब मास्तरालाही जमण्यासारखा आहे.

वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. पाच बादल्यांना रोज तीन युनिटे, महिन्याला नव्वद. बादलीत सोडायचा रॉड असो की भिंतीवरचा गिझर, विजेचे पाण्यात रूपांतर होताना फारसे वाया जात नाही असे म्हणण्यापेक्षा, विजेची ऊब जवळजवळ सगळी पाण्यातच उतरते असे म्हणावे. रॉड स्वस्त खरा. पण चालू असताना पाण्यात हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ.

गॅस गिझरला बादलीमागे अंदाजे साठ ग्रॅम गॅस पुरतो. म्हणजे १४.२ किलोचे सिलिंडर या कुटुंबाला दीड महिना जाईल. बहुतेक घरी हा हिशेब विजेपेक्षा स्वस्त पडतो. मात्र एक गोष्ट जिवाची आहे. बंद न्हाणीघरात हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस कोसळेपर्यंत कळतही नाही. म्हणून हा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच लावावा.

आणि आपला जुना तांब्याचा बंब? जळण फुकटात मिळाले तर तो सर्वांत स्वस्त, असे पुरुषमंडळी सांगतात. कारण पहाटे उठून तो पेटवायचा, धूर डोळ्यांत घ्यायचा आणि राख काढायची, हे काम बहुधा त्यांच्याकडे नसते! वहीत न लिहिलेला खर्च हाही खर्चच.

राहता राहिले ऊन. सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. तिथले वारे कामाला लागले, मग उन्हाने काय घोडे मारले आहे? पाच माणसांना शंभर लिटरचा सौरबंब पुरतो. दिवसा तापलेले पाणी टाकीत पहाटेपर्यंत गरम राहते. सुरुवातीचा खर्च मोठा, पण पुढे उन्हाचे बिल येत नाही. ढगाळ दिवसांसाठी एखादा विजेचा गिझर जोडीला ठेवला, म्हणजे झाले.

परंतु पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. इथे पाणी जपून वापरायचे. गच्चीवरून नळापर्यंत नळी लांब असेल, तर गरम धार येण्याआधी बादलीभर गार पाणी वाहून जाते. ते मोरीत सोडू नये. तेच विसण म्हणून ठेवावे. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतात, तेव्हा साफसफाईचीही सोय आधीच विचारून घ्यावी.

तात्पर्य, भाड्याच्या घरात दोघेच राहत असाल तर लहान गिझर बरा. स्वतःची गच्ची आणि भरले घर असेल तर ऊनच घ्यावे. मात्र दुकानात किंमत विचारण्यापूर्वी, घरात पहाटे सर्वांत आधी कोण उठते, हे विचारावे. तिचे मत पहिले.